भट्टीच्या माळावरची गल्ली

१२ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

विनंती विशेष काही नाही, थेट हुकूमच आहे. सामान बांधा आणि इकडे निघून या. समुद्रानं तुमची अख्खी गल्ली गिळली त्याला महिना झाला, आणि माझ्या सुनेची आई अजून शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपते, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटते. मागच्या बाजूची खोली रिकामी केली आहे. खिडकीला जाळी बसवली. खिडकीशी तुमचं शिवणयंत्र मावेल एवढी जागा ठेवली आहे. पलंग माझ्या पलंगापेक्षा रुंद आहे. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर पुढं म्हणाल की मुलाकडच्यांनी हात आखडता घेतला.

पत्र अशासाठी की फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कोण काय म्हणालं ते दोघींनाही कळत नाही. कागदावर तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तुमच्या जावयाला सांगितलंय, तो रविवारी टेम्पो घेऊन येईल. तुमची लेक म्हणते, "आई यायची नाही." तिला काय कळतं? सहा वर्षं माझ्या घरात आहे, अजून दुधावर लक्ष ठेवता येत नाही. काल पुन्हा उतू घालवलं आणि वर म्हणते, पुसून घेऊ. नळ उघडा टाकते, दिवे जळत ठेवते, शाळेत शिकवून आली की वह्यांची पिशवी जेवायच्या टेबलावर. वर्गातल्या पोरांना शिस्त लावते म्हणे! असो. वीटभट्टी बंद झाली म्हणून आम्ही काही भिकेला लागलो नाही. एका माणसाचं जड नाही.

कळावे. लोभ आहेच, उशीर नसावा.

तुमची विहीण


२१ जुलै

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

टेम्पो रिकामा परत पाठवला म्हणून रागावला असाल. जावयांना चहा पाजून पाठवलं, तेवढंच माझ्या हातात होतं. वर्गाच्या फळ्याखाली बसून प्यायले बिचारे.

खोलीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही. पण मी येणार नाही. लेकीच्या सासरी पाहुणी शोभते, बिऱ्हाडकरू नाही. पहिला आठवडा तुम्ही मला रुंद पलंगावर झोपवाल, दुसऱ्या आठवड्यात मी तुमच्या डब्यांची झाकणं घट्ट लावायला लागेन, आणि तिसऱ्या आठवड्यात तुमचा मुलगा आपल्या दोघींच्या मध्ये उभा राहील.

दुसरं कारण याहून मोठं आहे. आम्ही चौदा घरं आहोत. पुनर्वसन कचेरीनं खोल्या देऊ केल्यात, नाही असं नाही. पण सोडत काढून, आणि पाच वेगवेगळ्या वसाहतींत. मिठागरवाले आजोबा तुम्हाला लग्नात भेटले होते, डोळ्यांनी दिसत नाही ते. त्यांचं रक्ताचं कोणी नाही. बोटी बांधणाऱ्या मिस्त्रीची बायको त्यांना जेवायला घालते, मी कपडे बघते, न्हावी अंघोळीला नेतो. सोडतीत त्यांना स्वतंत्र खोली मिळणार. छान. पण तिचं दार कुठल्या भिंतीला आहे हे त्यांना कोण सांगणार? कचेरीतले साहेब उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांच्या नकाशात माणसं मोजलेली आहेत, कोण कोणाच्या आधारानं उभं आहे ते नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुमचा तो बंद भट्टीचा माळ आहे ना, शहरापासून दूर, डोंगराच्या कुशीत? तो आम्हा चौदा घरांना भाड्यानं द्या. दान नको, फुकट नको. वर्षाचं भाडं ठरवू आणि रीतसर कागद करू. घरं आम्ही बांधू. मी आजवर शिडं आणि ताडपत्र्या शिवल्या. भिंतीही शिकेन.

खोलीची जाळी राहू द्या. पाहुणी म्हणून येईनच.

तुमची विहीण


३ ऑगस्ट

विहीणबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. एक खोली नाकारायची आणि तोंड वर करून सबंध माळ मागायचा, ही हिंमत फक्त तुमची!

घ्या. त्या माळाला कोण विचारतंय? माती काढून काढून खड्डे पडलेत. एक धुराडं उभं आहे, त्यात पारव्यांनी संसार थाटलेत. जास्त भाजून काळ्या पडलेल्या खंगर विटांचे ढीग आहेत, त्याही वापरा. विकत कोणी घेत नाही, पण दगडाच्या तोडीच्या असतात. विहिरीला बारमाही पाणी आहे. बस दिवसातून दोनदा, आणि ड्रायव्हरचा मूड असेल तर तिसऱ्यांदा.

कागद मात्र कशाला? मी घ्या म्हटलं म्हणजे घ्या. या शहरात निम्म्या घरांना माझ्या भट्टीची वीट आहे, आणि एकाही गिऱ्हाइकाशी मी लेखी करार केलेला नाही. आपण काय परक्या आहोत? माझ्या नातवंडांची तुम्ही आजी होणार आहात, देवाच्या आणि त्या दोघांच्या मनात असेल तेव्हा. मुहूर्त लांबलाय खरा. तुमच्या लेकीला शाळेच्या वह्या तपासण्यातून सवड मिळाली तर!

टेम्पो पुन्हा पाठवते. या वेळी रिकामा आला तर मी स्वतः येईन.

तुमची विहीण


३० ऑगस्ट, भट्टीचा माळ

विहीणबाईंना नमस्कार.

आम्ही पोचलो, स्थिरावलो आणि भांडलोसुद्धा, म्हणजे गल्ली सुखरूप आहे.

तुमच्या विटा थापायच्या लांब छपराखाली माझ्या ताडपत्र्यांचे पडदे लावून चौदा कप्पे केले. ते तात्पुरतं. खरं काम मोकळ्या जागेवर चाललंय. मिस्त्रीची पद्धत अशी, की बोट बांधायच्या आधी तिचा आकार वाळूत पुऱ्या मापानं काढायचा आणि त्यात माणसं बसवून बघायची. तसंच आम्ही फक्कीनं घरं आखली. पांढऱ्या रेघांची चौदा घरं, दारांच्या जागी रेघ तोडलेली. मग सगळ्यांनी एक सबंध दिवस त्या रेघांच्या आत काढायचा ठरवला. चुली तिथं, झोपणं तिथं, भांडणं तिथं. भिंतीवरून कोणी पाय टाकला की पोरं ओरडायची, "भिंत, भिंत!" न्हावी दिवसभर माझ्या स्वयंपाकघरातून ये-जा करत होता, तेव्हा कळलं की त्याचं दार चुकलंय. आजोबा काठी टेकत गल्लीभर फिरले आणि म्हणाले, "विहिरीपर्यंत दोन वळणं आहेत, एक करा." एक केलं. संध्याकाळी निम्म्या रेघा पुसून पुन्हा मारल्या.

विहीणबाई, उघड्या माळावर रेघांच्या घरात बसून मला जितकं घरात असल्यासारखं वाटलं, तितकं शाळेच्या चार भिंतींत वाटलं नव्हतं.

आता कागदाचं. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण तुमचा शब्द तुमच्याबरोबर जाईल आणि आमच्या भिंती मागं राहतील. वकिलांनी मसुदा केला आहे, सोबत जोडते. चौदा घरांची मिळून एक संस्था, तिला नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. जमीन तुमचीच. घर ज्याचं त्याचं, पण बाहेर कोणाला विकायचं नाही. सातव्या कलमात एक वाक्य मी घालायला लावलंय: दोन्ही घरांमधलं नातं पुढं कसंही झालं, तरी भाडेपट्ट्याला धक्का लागणार नाही. वाचून बघा. सही झाली की भिंती चढवू, तोवर जोती बांधतो.

तुमची विहीण


१७ सप्टेंबर

विहीणबाई,

परवा तुम्हाला न कळवता माळावर येऊन गेले. तुम्ही शहरात सुतळी आणायला गेला होता असं मिस्त्रीच्या बायकोनं सांगितलं. चहा बरा करते.

जोती बघितली आणि खडीच्या ढिगावर बसून हसले. अहो, कमरेएवढी जोती! एकेका घराला पाच पायऱ्या! हा डोंगर आहे. इथं पाणी साचलेलं माझ्या सासऱ्यांच्या सासऱ्यांनीही बघितलं नसेल. माझ्या सगळ्या खंगर विटा तुम्ही जमिनीत पुरल्यात. त्या म्हाताऱ्या आजोबांनी पाच पायऱ्या चढायच्या कशा? तुमच्या गल्लीत कुणाला डोंगर आणि किनारा यातला फरक कळत नाही का?

ते असो. मसुदा वाचला. सातवं कलम वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "नातं पुढं कसंही झालं तरी" म्हणजे काय, विहीणबाई? काय व्हायचंय नात्याला? घर देणाऱ्या बाईच्या तोंडावर असलं अभद्र लिहून ठेवायचं? वकील म्हणाले, असं लिहायची पद्धत असते. पद्धत वकिलांची असेल, माझी नाही. ते वाक्य काढा, उद्या सही करते. नाही काढलं तर मला वेळ लागेल.

सून ठीक आहे.

तुमची विहीण


२६ सप्टेंबर, भट्टीचा माळ

विहीणबाई,

हसलात ते बरोबरच आहे. जोती उंच झाली, चूक आमची. मिस्त्रीनं पहिलं जोतं बांधलं तेव्हा कोणी त्याला उंची सांगितली नव्हती आणि त्यानं विचारलीही नाही. दुसऱ्यानं पहिल्याचं बघून बांधलं. चौदा जोती झाल्यावर एका पाहुण्या ट्रकवाल्यानं विचारलं, "इथं पूर येतो का?" तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं झालं.

उतरवायला घेतली होती. पण पोरं अजून छपराखाली जमिनीवर झोपत नाहीत. बाकांवर, फळ्यांवर, ट्रंकांवर चढून झोपतात. पहिलं जोतं उतरवायला घेतलं त्या दुपारी सगळी त्यावर चढली आणि उघड्यावर, उन्हात, गाढ झोपली. मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. जोती राहणार. आजोबांसाठी लांब उतार केला आहे, ते काठी न टेकता वर येतात.

सातवं कलमही राहू द्या. ते अभद्र नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि आता एक विचारते. सहा वर्षांत तुमचा एकही फोन असा झाला नाही, आणि आता पत्रही, ज्यात माझ्या लेकीबद्दल तक्रार नाही. दूध, नळ, दिवे, वह्या. ते ऐकून मी निर्धास्त असायचे, की पोर घरात रुळली आहे. या पत्रात फक्त तीन शब्द आहेत. काय झालं ते सांगा. लेकीला विचारलं तर तीही म्हणते, "ठीक आहे."

तुमची विहीण


८ नोव्हेंबर

विहीणबाई,

उत्तर द्यायला उशीर झाला. तुम्हाला आता कळलंच असेल, कारण ती तुमच्याकडेच आली आहे.

दोघांचं बरेच दिवस पटत नव्हतं. मी म्हणत होते, सगळ्या घरांत असतं. परवा दोघं माझ्यासमोर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली की आम्ही वेगळं होतोय. भांडली असती तर मी मध्ये पडले असते. शांतपणाला काय करणार? मला विचाराल तर चूक तुमच्या लेकीची. थोडं सोसलं असतं, थोडं गप्प बसली असती. माझा मुलगाही काही साधा नाही, पण तो माझा मुलगा आहे.

त्यानं माळासाठी गिऱ्हाईक आणलंय. गोदामं बांधणारा आहे, सगळा माळ एकरकमी घ्यायला तयार. मुलगा म्हणतो, "आता तुझं त्यांच्याशी देणं काय लागतं?"

मला विचार करू द्या. तोवर काम थांबवा.


१५ नोव्हेंबर, भट्टीचा माळ

विहीणबाई,

दुसरा मायना सुचत नाही म्हणून अजून हाच लिहिते.

काम थांबवलेलं नाही. चोरून करत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सहीपर्यंत थांबायचं म्हटलं होतं, पण थंडी आली आणि पोरं पडद्यांआड कुडकुडायला लागली; सात घरांच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत.

लेक एका पिशवीनिशी आली. मी कप्प्यात दुसरी चटई अंथरली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची बायको माझ्या कप्प्यात येऊन बसली आणि पदर पिळत म्हणाली, "लेकीला चार गोष्टी सांगा ना. निदान कागद होईपर्यंत तरी जाऊ दे परत." तिला मी वाईट म्हणत नाही. घाबरलेलं माणूस असंच बोलतं. आणि खरं सांगू? क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं. तेरा घरांकडे बघून आलं होतं. मग मला स्वतःचाच इतका राग आला की मी सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं. म्हटलं, माझ्या लेकीचा संसार म्हणजे या जोत्यांचा पाया नव्हे. ती परत जाणार नाही, आणि जमिनीसाठी तर मुळीच नाही. ज्याला हे पटत नसेल त्यानं सोडतीत नाव द्यावं. शेवटी आजोबा म्हणाले, "भिंत कुठवर आली ते कोणीतरी सांगा मला." मिस्त्रीनं त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला, आणि काम पुन्हा सुरू झालं.

तुम्ही सातव्या कलमावर रागावला होता. ते कलम मी असल्या दिवसासाठीच घातलं होतं. हा दिवस यावा असं मला वाटत नव्हतं, देवाशपथ, पण घर नात्याच्या खुंटीला टांगलं की खुंटी हलली तर चौदा बिऱ्हाडं खाली येतात.

माळ गोदामवाल्याला द्यायचा असेल तर सरळ सांगा. आम्ही भांडणार नाही, कोर्टात जाणार नाही. विटा उतरवू, तुमच्या विटा रचून ठेवू आणि ताडपत्र्या गुंडाळू. आमची गल्ली एकदा समुद्रानं हलवली, दुसऱ्यांदाही हलेल, पण एकत्र हलेल. फक्त "विचार करू द्या" यावर आम्हाला लटकवू नका.

तुमच्या मुलाचंही मला वाईट वाटतं. चहा पिताना फळ्याखाली कसा अवघडून बसला होता. आणि तुमच्यावर माझी माया आहे. जमिनीमुळे जडली नाही, जमिनीबरोबर जाणारही नाही.


४ डिसेंबर

नमस्कार.

मायना काय लिहावा यावर एक सकाळ घालवली आणि शेवटी मोकळाच सोडला.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी फाडणार होते. आम्ही रचून ठेवू म्हणे तुमच्या विटा! जशी काही मी विटांसाठी जीव टाकतेय. चार दिवस धुसफुसत होते. मग मुलगा पुन्हा जेवताना म्हणाला, "त्यांच्याशी आपलं नातं होतं ते तिच्यामुळे. ती गेली."

हेच वाक्य मी एकदा ऐकलं आहे. माझे यजमान गेले, तेराव्या दिवसाची माणसं अजून घरात होती, आणि धाकटे दीर भट्टीच्या आवारात उभे राहून मला म्हणाले, "वहिनी, भट्टीशी तुमचं नातं आमच्या भावामुळे होतं. भाऊ गेला." मी गेले नाही, कारण मला घालवता येत नव्हतं. सासऱ्यांनी माळ लग्नातच माझ्या नावावर केला होता. तेव्हा मी नवी सून, मला वाटलं, म्हातारा घरात फूट पाडतोय. माहेरी जाऊन रडले होते. त्या कागदावर मी मूल वाढवलं, भट्टी चालवली, दिरांच्या मुलींच्या लग्नाला विटा विकून मदतही केली. आणि मीच तुम्हाला लिहीत होते की माझा शब्द पुरे. तुम्हाला शब्द पुरेल असं मला वाटलं, कारण माझ्याकडे माझा कागद होता!

मुलाला म्हटलं, "तुझं लग्न मोडलं, माझा माळ मोडला नाही. गोदामवाल्याला सांग, दुसरीकडे बघ." तो ताटावरून उठून गेला. उशिरा येऊन पुन्हा जेवला, म्हणजे राग बेताचा आहे. त्याचं दुःख मला दिसतं, पण त्याची भरपाई चौदा घरांनी का करायची?

तुमच्या लेकीचं सामान टेम्पोनं पाठवते आहे. तिच्यावर मी अजून रागावलेली आहे, तिला तसं सांगा. तिच्या खोलीत मी जात नाही. दूध आता उतू जात नाही आणि घर भलतंच शांत झालंय, हेही वाटल्यास सांगा.

वकील म्हणाले, आता परिस्थिती बदलली, सातवं कलम काढायचं का? म्हटलं, काढू नका, वर घ्या, पहिल्या नंबरावर. मग त्यांच्याबरोबर नोंदणी कचेरीत गेले. माझ्या बाजूच्या सह्या झाल्या. संस्थेच्या तिघांनी येत्या आठवड्यात येऊन आपल्या करायच्या आहेत, ओळखपत्रं विसरू नका. आजोबांना आणणार असाल तर कचेरीला जिना आहे, आधी कळवा, मी खुर्ची सांगून ठेवते.

तिथला कारकून कागद भरत होता. चष्म्यावरून बघत त्यानं विचारलं, "देणार आणि घेणार यांचं आपसात नातं?"

सवयीनं शब्द ओठांवर आला होता. तो गिळला आणि म्हटलं, "काही नाही."

"काही नाही? आणि नव्व्याण्णव वर्षं?" त्याला वाटलं, म्हातारीला कोणीतरी फसवतंय. लेखणी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बाई, नीट विचार केलाय ना? उद्या तुमचं पटलं नाही, तर त्यांना काढता येणार नाही हं."

मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच आलेय. सही कुठं करू ते दाखवा."